घरगुती डेकेअरसाठी फूड प्रोग्राम : पाचपैकी साडेतीन तारे

"फूड प्रोग्राम घेतलायस का? परवडतो का?" कॅलिफोर्नियात घरी डेकेअर चालवणाऱ्या आपल्या मराठी बायका भेटल्या की हा प्रश्न निघतोच. मी फ्रीमॉन्टमध्ये मोठ्या लायसन्सवर डेकेअर चालवते, म्हणजे मदतनीस धरून जास्तीत जास्त १४ मुलं. फूड प्रोग्राममध्ये बरीच वर्षं आहे आणि व्हाउचरची, म्हणजे ज्यांची फी सरकारी मदतीतून येते अशी, मुलंही घेते. दर वेळी फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

ही योजना अमेरिकेच्या कृषी खात्याची. पूर्ण नाव चाइल्ड अँड ॲडल्ट केअर फूड प्रोग्राम. मुलांना नियमात बसेल असं खाऊ घालायचं, रोजच्या रोज नोंदवायचं आणि महिनाअखेरीला त्या जेवणांच्या पैशांचा क्लेम करायचा. आपला सरकारशी थेट संबंध येत नाही, मध्ये स्पॉन्सर नावाची संस्था असते. तिला तिच्या कामाचे पैसे वेगळे मिळतात, आपल्या जेवणाच्या पैशांतून तिने काही कापायचं नसतं. कुणी फी मागितली तर दुसरा स्पॉन्सर बघा. माझ्या स्पॉन्सरचं नाव मी देत नाहीये, कारण पुढे थोडी कुरकुर आहे.

आपल्यासारख्यांना आधी लायसन्स हवं. त्यावर खूप लिहून झालंय, म्हणून भरभर सांगते: ओरिएंटेशन, बोटांचे ठसे, टीबीची चाचणी, लहान मुलांचं सीपीआर आणि फर्स्ट एड, मँडेटेड रिपोर्टरचं ट्रेनिंग (मुलावर अत्याचाराचा संशय आला तर कळवणं आपल्यावर बंधनकारक असतं, त्याचं), मग घराची तपासणी. ठसे घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाचे. भारतातून आईवडील चार-सहा महिने राहायला येणार असतील तर त्यांचंही आधीच बघा, विमानतळावरून घरी आणल्यावर नव्हे. शहराच्या परमिटची भीती मात्र काढून टाका. १ जानेवारी २०२० पासून मोठ्या लायसन्सच्या घरालाही राहतं घर म्हणूनच धरायचं असा राज्याचा कायदा आहे, त्यामुळे झोनिंगच्या परवानगीसाठी सिटी हॉलच्या चकरा संपल्या.

आता पैसे. घरांचे दोन टियर, म्हणजे दराचे स्तर, असतात. तुमच्या भागातल्या शाळेत निम्मी किंवा जास्त मुलं मोफत-सवलतीच्या जेवणाला पात्र असतील, किंवा तुमचं स्वतःचं उत्पन्न कमी असेल, तर टियर एक. बाकी सगळे टियर दोन. बे एरियातल्या आपल्या बहुतेक बायका दोनमध्येच येतात. एका मुलामागे दिवसाला जास्तीत जास्त दोन जेवणं आणि एक स्नॅक एवढंच मोजतात. नाश्ता, दुपारचं जेवण आणि स्नॅक धरला तर टियर एकला त्याचे साडेपाच ते सहा डॉलर होतात, टियर दोनला तीनही होत नाहीत. टियर दोनचा स्नॅक पाव डॉलरच्या आसपास, त्यात फार तर एखादं केळं येतं. दर १ जुलैला बदलतात, पण बदल सेंटांमध्येच. तुम्ही टियर दोनमध्ये असलात तरी कमी उत्पन्नाच्या घरातलं मूल तुमच्याकडे येत असेल तर त्या मुलापुरता टियर एकचा दर मिळतो. हे स्पॉन्सर आपणहून सांगेलच असं नाही, विचारा.

एवढ्यासाठी कटकट का करायची, असं वाटणं साहजिक आहे. पण कराच्या बाजूने बघा. क्लेमचे पैसे उत्पन्नात दाखवावे लागतात, खरंय. उलट मुलांच्या खाण्याचा खर्च आयआरएसच्या (अमेरिकेच्या कर खात्याच्या) ठरावीक दराने वजा करता येतो, कॉस्टकोच्या पावत्या जपायला नकोत. आणि तो दर टियर एकचा असतो, तुम्ही टियर दोनमध्ये असलात तरी! कुठल्या मुलाने कधी काय खाल्लं याची नोंद मात्र लागते, आणि ती या प्रोग्रामपायी आपोआप तयार होते. मला विचाराल तर खरी कमाई इथे आहे.

स्वयंपाकघराबद्दल सविस्तरच सांगायला हवं, कारण आपलं जेवण आणि त्यांचे तक्ते यांचं पटकन जुळत नाही. दुपारच्या जेवणात पाच गोष्टी हव्यात: दूध, प्रथिनं, भाजी, फळ, धान्य. शाकाहारी चालतं, अंडं-मांस द्यायची सक्ती नाही. डाळ प्रथिनांत धरतात किंवा भाजीत, एकाच जेवणात दोन्हीकडे नाही. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला शिजलेली डाळ पाव कपापेक्षा जास्त लागते (तीन अष्टमांश कप, मापाचे कप घेऊन बसा). आपलं पातळ वरण या हिशोबात कमी पडतं. मी आता घट्ट गोळा वरणच करते, वर तूप घालायला कुणी अडवत नाही. गव्हाच्या पिठाची पोळी धान्यात उत्तम बसते, दिवसातून एक धान्य अख्खं हवं हा नियमही तिथेच सुटतो. लाडू, शंकरपाळे, केक गोडात जातात, ते धान्य म्हणून मोजत नाहीत. घरी तळलेलं काहीच मोजत नाहीत, म्हणून पुऱ्या फक्त सणाला, आपल्या हौसेने, आपल्या खर्चाने. दूध एक वर्षाच्या मुलाला सायीचं आणि दोन वर्षांपासून पुढे एक टक्क्याचं किंवा बिनसायीचं. फ्रिजमध्ये दोन कॅन ठेवावे लागतात आणि झाकणावर मार्करने लिहावं लागतं. तान्ह्या मुलांसाठी आणखी एक: नाचणीचं सत्त्व कितीही पौष्टिक असलं तरी तिथे लोह घातलेलं इन्फंट सीरियलच धरतात. सत्त्व द्या जरूर, क्लेममध्ये लिहू नका.

आणि दही. स्पॉन्सरची बाई वर्षातून तीनदा येते, त्यातल्या निदान दोन भेटी न सांगता. एकदा ती बरोबर पानं वाढायच्या वेळी दारात उभी. मुलं मोजली, हजेरीशी ताडून पाहिली, मग ओट्यापाशी आली. पोळ्या, दुधीची भाजी, चवळीची उसळ, सफरचंदाच्या फोडी, दूध आणि पातेलीभर दही. तिने विचारलं, "याचा डबा कुठाय?" मी म्हटलं डबा नाही, रात्री विरजण लावलंय. बाई तशी चांगली, चव बघून छान म्हणाली. पण घरचं दही मोजता येत नाही, दुकानातलं सीलबंद हवं, असं सांगून तिने फॉर्मवर दह्यापुढे काट मारली. उसळ होती म्हणून त्या दिवशीचं जेवण वाचलं. नुसतं पोळी-भाजी-दही असतं तर अख्ख्या पंगतीचे पैसे गेले असते. तेव्हापासून दुकानातला डबा क्लेमसाठी आणि विरजण मुलांसाठी. मुलांना फरक कळतो, डबा मागे उरतो.

आता कुरकुर. स्पॉन्सरच्या ॲपमध्ये पदार्थांची यादी आहे, तिच्यात तीन प्रकारचे टॉर्टिया सापडतात, पोळी सापडत नाही. चवळीसाठी "ब्लॅक-आय्ड पीज" आणि दुधीसाठी "इतर भाजी" निवडावी लागते. नोंद त्याच दिवशी व्हायला हवी, आणि नेमकं संध्याकाळी, सगळ्या जणी एकदम भरायला बसल्या की ॲप फिरत राहतं. फोन केला तर निरोप ठेवा म्हणतात आणि निरोपाला उत्तर दुसऱ्या दिवशी. ट्रेनिंगचे व्हिडिओ इंग्रजी-स्पॅनिशमध्ये आहेत, त्याबद्दल तक्रार नाही, पण त्यांतली सगळी उदाहरणं चिकन नगेट आणि मॅकरोनीची. आपल्या पानातलं काय कुठे बसतं हे मला डेकेअर चालवणाऱ्या एका पंजाबी बाईंनी शिकवलं, स्पॉन्सरने नाही. हा दीड तारा तिथेच कापला.

व्हाउचरची मुलं घेत असाल तर पुढचं नीट वाचा. १ जुलै २०२१ पासून कॅलिफोर्नियात लायसन्स, व्हाउचर आणि फूड प्रोग्राम हे तिन्ही एकाच सोशल सर्व्हिसेस खात्याखाली आले. फॉर्म मात्र तिघांचे तीन. लायसन्सला मुलांचा रोस्टर (नावांची यादी), व्हाउचरच्या एजन्सीला पालकांच्या सहीची येण्याजाण्याच्या वेळांची हजेरी, फूड प्रोग्रामला जेवणांची मोजणी. तिन्ही कागद एकमेकांशी जुळायला हवेत. हजेरीत मूल साडेअकराला गेलंय आणि तुमच्या यादीत ते बाराला जेवलंय, असं दिसलं की एका जेवणाचे पैसे जातात हे सोडा, एजन्सीलाही शंका येते. बहुतेक वेळा गडबड पालकांच्या बाजूने होते. आमच्याकडे एक बाबा शुक्रवारी येऊन आठवडाभराच्या वेळा एका दमात लिहायचे, रोज साडेआठ ते साडेपाच, छापल्यासारख्या. त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, "दादा, घड्याळात आठ बत्तीस दिसत असतील तर आठ बत्तीसच लिहा." आता पेन दोरीने दाराला बांधलंय आणि शेजारी मोठं डिजिटल घड्याळ. सही झाल्याशिवाय दप्तर हातात देत नाही, कुणाला वाईट वाटलं तरी चालेल.

लायसन्सची अॅनलिस्ट, म्हणजे तपासनीस बाई, न सांगता आली तेव्हा या सवयीचा फायदा कळला. रोस्टर, लसीकरणाचे कागद, आग आणि भूकंपाच्या ड्रिलची नोंद, बाळांच्या झोपेची दर पंधरा मिनिटांची पाहणी, सगळं त्याच फायलीत होतं, कारण फूड प्रोग्रामच्या धास्तीने ती फाइल रोज उघडली जाते. शेजारच्या गल्लीतल्या एका मैत्रिणीकडे व्हाउचरही नाही आणि फूड प्रोग्रामही नाही. तिची फाइल तपासणीच्या आदल्या रात्री भरते, फक्त ती आदली रात्र कोणती हे तिला माहीत नसतं.

घ्यावा का, तर चार-पाचच्या वर मुलं असतील आणि स्वयंपाक तुम्हीच करत असाल तर घ्या. मुलं डबे आणत असतील तर भानगडीत पडू नका. सही करण्यापूर्वी दोन स्पॉन्सरशी बोला आणि विचारा: क्लेमचे पैसे महिन्याच्या कोणत्या तारखेच्या सुमाराला येतात, कागदावरची नोंद चालते की ॲपच लागतं, आणि नको वाटलं तर स्पॉन्सर बदलायला वर्षातून केव्हा परवानगी आहे. पोळी कशात धरता, हेही विचारा. त्या उत्तरावरून पुढचा अंदाज बऱ्यापैकी येतो.