मोकुहांगाचे नऊ महिने: हत्यारं, खळ आणि ओला कागद

गेल्या जूनमध्ये मोकुहांगाचं सामान घेतलं. मोकुहांगा म्हणजे जपानी पद्धतीची लाकडी ठशांची छपाई. यात तेलाची शाई नाही, रोलर नाही, प्रेस नाही. पाण्यात कालवलेला रंग, तांदळाची खळ आणि कागदाच्या पाठीवर घासायची एक गोल चकती, एवढ्यावर काम चालतं. पुण्यातल्या दोन खोल्यांच्या घरात टर्पेंटाइनचा वास नको, म्हणून मी इकडे वळलो. पावसाळ्याच्या तोंडावर सुरुवात करू नये, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

आधी हत्यारं, कारण सगळ्यांचे पैसे तिथेच जातात. माझेही गेले. पाच नगांचा संच घेतला, त्यातली खरी कामाची निघाली दोन: हांगितो ही तिरप्या पात्याची सुरी आणि एक गोल पटाशी. हांगितो पेनासारखी धरायची नाही. मुठीत धरून, अंगठा डोक्यावर ठेवून, स्वतःकडे ओढायची. रेघेच्या दोन्ही बाजूंनी काप तिरका घ्यायचा, म्हणजे रेघ माथ्याला बारीक आणि पायथ्याला रुंद राहते, गडाच्या तटासारखी. मी लिनोकटच्या, म्हणजे लिनोलियमवर कोरायच्या सवयीने व्ही आकाराची पटाशी चालवत होतो आणि शिरेला आडवं गेलं की टवके उडत होते. हांगितो हाताला बसायला दोन महिने लागले. उरलेली तीन हत्यारं डब्यात पडून आहेत. त्या पैशांत धार लावायचा चांगला दगड आला असता. तो नंतर घेतला, १००० आणि ६००० नंबरचा जोड. जुन्या चामडी पट्ट्यावर शेवटचा हात फिरवला की पातं लाकडात लोण्यासारखं जातं.

लाकडाचा पहिला प्रयोग सागावर केला, कारण सुताराकडे तुकडा पडलेला होता. सागाच्या लाकडात सिलिका असते, ती धार खाते. पंधरा मिनिटांत सुरी बोथट. त्यावर सागाची छिद्रं मोठी, सपाट रंगात ती सगळी उमटतात. एमडीएफ तर पाणी पिऊन फुगलं. जपानी कारागीर डोंगरी चेरीचं लाकड वापरत. आता नवशिके शिना प्लाय घेतात, म्हणजे जपानी लिंडेनचा. कापायला मऊ, पोत एकसारखा, पण केसासारखी रेघ त्यात टिकत नाही, चुरा होतो. त्याच सुताराने मग शिवणीची फळी रंधून दिली. हलकी, सुरीला गरीब, आणि रेघही बरी धरते. मोठ्या सपाट रंगांना शिना, रेघांच्या ठशाला शिवण, असं सध्या चाललंय.

आता बारेन, म्हणजे ती घासायची चकती. अस्सल बारेनमध्ये बांबूच्या सालीच्या दोरीचं वेटोळं असतं आणि वरून सालीचंच वेष्टण. त्याची किंमत वाचून मी पान उलटलं आणि प्लॅस्टिकची दाणेदार चकती घेतली. ए-४ च्या आतल्या कामाला ती पुरते. मोठ्या सपाट भागाला मात्र जोर कमी पडतो आणि रंगात ठिपके राहतात. जपानीत याला गोमाझुरी म्हणतात. गोमा म्हणजे तीळ. काही जण असे तीळ मुद्दाम पाडतात. माझे पडत होते, पाडत नव्हतो. चकतीला तेलाचं बोट लावावं लागतं, एरवी ती कागदावर अडकते. जपानात कॅमेलियाचं तेल, माझ्याकडे खोबरेल. डिसेंबरात ते बाटलीत थिजायचं, मग आधी बाटली उन्हात.

तिळांना जबाबदार निम्मी खळ होती. रंग ब्रशने ठशावर घेतला की शेजारी खळीचा थेंब टाकायचा आणि दोन्ही एकत्र पसरवायचं. खळ कमी पडली तर तीळ, जास्त झाली तर कडेला चिकट किनार. बाजारातली खळ संपल्यावर घरीच तांदळाच्या पिठाची केली. आजी सुती साड्यांना करायची तशीच, फक्त जास्त गाळलेली. दुसऱ्या दिवशी आंबली. लवंगेच्या तेलाचा थेंब टाकून थोडी टिकते, पण मी आता रोज चमचाभरच शिजवतो.

आणि कागद. मला सगळ्यात जास्त छळलं ते यानेच. छापताना कागद ओलसर हवा, ओला नको. कोरडा असेल तर रंग वर बसतो, ओलसर असेल तर आत मुरतो, आणि मोकुहांगाची खरी गंमत त्या मुरण्यात आहे. गठ्ठा आदल्या रात्री ब्रशने भिजवून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचा. जुलैत तीन दिवस ठेवला आणि उघडला तर हिरवट ठिपके. बारा कागद गेले. दुसरा घोटाळा असा की रंगारंगांमध्ये कागद वाळला तर आकसतो आणि पुढचा रंग सरकतो. ठशाच्या कोपऱ्यात केंतोच्या, म्हणजे कागद दर वेळी त्याच जागी बसवायच्या खाचा कितीही नेमक्या कोरा, कागदच लहान झाला तर त्या काय करणार? आपला सुती हातकागद दिसायला देखणा, पण जाड, बारेनचा दाब त्यातून खाली पोचत नाही. कोझोचा, म्हणजे एका तुतीच्या सालीचा पातळ जपानी कागद महाग आहे, तरी त्यात काटकसर करू नका. चाचणीच्या छापांना नेपाळी लोकता कागद चालतो.

रंगांवर फार लिहिण्यासारखं नाही. ट्यूबमधला साधा गुआश, म्हणजे अपारदर्शक जलरंग चालतो, काळ्याला सुमी ही जपानी शाई. एकच हौस केली ती प्रशियन ब्लूची. १८३१ च्या सुमाराच्या, जपानी चित्रकार होकुसाईच्या प्रसिद्ध लाटेच्या छापात हाच निळा आहे. बोकाशी, म्हणजे गडदाकडून फिक्याकडे विरत जाणारा रंग, याच्यात सुरेख येतो: ठशाची एक बाजू ओल्या फडक्याने पुसायची, ब्रशच्या एकाच कोपऱ्याला रंग घ्यायचा आणि आडवा फिरवायचा. ब्रश म्हणून घोड्याच्या केसांचा बुटांचा ब्रश घेतलाय, नवा अर्थातच.

सध्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात कोथिंबिरीशेजारी आठ ओलसर कागद आहेत. घरच्यांनी त्यांना शनिवारपर्यंतची मुदत दिली आहे. निळ्याचा शेवटचा हात राहिलाय.