ग्वातेमालात स्पॅनिश शिकायला गेलो आणि दिवाळी तिथेच केली: शाळा आणि होमस्टेचा रिव्ह्यू

बडोद्याहून निघताना आमच्या चेक-इन बॅगेत पितळी सोऱ्या, एक किलो चकलीची भाजणी, उटण्याची दोन पाकिटं, पेपरात गुंडाळलेल्या अकरा पणत्या आणि सासूबाईंनी ऐनवेळी कोंबलेला बेसनाचा डबा एवढं सामान होतं, पुस्तकं हँडबॅगेत. हे आधीच सांगतेय कारण पुढे ह्यातलं सगळं कामाला आलं.

मी फार्मा कंपनीत रेग्युलेटरीला आहे, आमची बरीच औषधं लॅटिन अमेरिकेत जातात, रोज स्पॅनिश लेबलं आणि माहितीपत्रकं समोर येतात आणि मी ती भाषांतराच्या टूलमध्ये टाकून अंदाजाने तपासत बसायचे, ह्याचा खरंच कंटाळा आला होता. सहा महिने ॲपवर घासलं, वाक्य समजायचं पण तोंड उघडायचं नाही. मग ठरवलं की तीन आठवडे जायचं आणि सगळ्यांनी जायचं. २०२४ ची दिवाळी धरली कारण गुजरातमध्ये शाळांना दिवाळीची एकवीस दिवसांची सुट्टी असते आणि नवऱ्याचं मकरपुरा जीआयडीसी ह्या औद्योगिक वसाहतीतलं युनिट तसंही लाभपंचमीपर्यंत बंदच राहतं. लेकाची परीक्षा संपल्या संपल्या निघालो, माद्रिदवरून ग्वातेमाला सिटी, तिथून टॅक्सीने अँटिग्वा.

अँटिग्वा म्हणजे जुनी राजधानी, १७७३ च्या भूकंपात पडझड झाली आणि राजधानी हलवली, पडकी चर्चेस अजून तशीच उभी आहेत, दगडी रस्ते आणि वर तीन ज्वालामुखी. त्यातला फुएगो जागा आहे, दिवसभर थोड्या थोड्या वेळाने धूर सोडतो आणि आकाश मोकळं असेल तर रात्री टोकाला लाल दिसतं. लेकाने पहिल्याच रात्री त्याचं नाव भुईनळा ठेवलं. ह्या गावात स्पॅनिशच्या शाळा गल्लोगल्ली आहेत आणि पद्धत सगळीकडे साधारण तीच, एका विद्यार्थ्याला एक शिक्षक, सकाळी आठ ते बारा, आठवड्याला वीस तास. आम्हाला माणशी आठवड्याला २०० डॉलरच्या आत पडलं, राहणं-जेवण वेगळं.

आता शाळेचं. माझी माएस्त्रा, म्हणजे बाई, फार चांगली. पहिल्याच दिवशी म्हणाल्या की मे गुस्ता हा प्रकार बऱ्याच लोकांना लवकर पचत नाही, आणि मी बघतच राहिले, कारण मे गुस्ता एल मांगो म्हणजे सरळ मला आंबा आवडतो, आपण जन्मापासून हेच बोलतोय! डोकं दुखतं तेही तसंच. त आणि द पण आपल्यासारखे दाताला जीभ लावून. अडलं कुठे तर आपल्या एका 'आहे' साठी त्यांच्याकडे दोन क्रियापदं आहेत तिथे, सेर आणि एस्तार, त्यावर माझे चार दिवस गेले आणि अजूनही चुकते. दुसरं म्हणजे ॲपने शिकवलेलं 'तू' तिथे फार कमी ऐकू येतं, मित्रमंडळीत 'वोस' चालतं आणि बाकी सगळीकडे 'उस्तेद'. आपलं तू-तुम्ही ज्याला कळतं त्याला हे लगेच कळतं.

पण शाळेबद्दल तक्रारीही आहेत आणि त्या लिहायलाच हव्यात. बुकिंग करताना मुलांसाठी अनुभवी शिक्षिका असं लिहून दिलेलं, प्रत्यक्षात पहिले तीन दिवस एक कॉलेजातली मुलगी लेकाला चित्रं रंगवायला देत होती, नऊ वर्षांच्या मुलाला! ऑफिसात जाऊन ठामपणे बोलल्यावर बाई बदलल्या, आणि नव्या बाई त्याला हातात प्रश्नांची यादी देऊन चौकात घेऊन जायच्या, आइस्क्रीमवाल्याला विचार, बूटपॉलिशवाल्या काकांना विचार, तो तिथेच बोलायला लागला. दुसरी तक्रार, १ नोव्हेंबरला तिकडे राष्ट्रीय सुट्टी असते, शुक्रवार होता, शाळा बंद, आणि ते चार तास भरून देणार नाही हे आम्हाला गुरुवारी सांगितलं. तीन माणसांचे बारा तास गेले, पैसे आधीच घेतलेले. तेव्हा बुक करण्याआधी सुट्टीच्या दिवसाचं काय ते लेखी मागा.

होमस्टे मात्र, काय सांगू. साठीच्या सेन्योरा, म्हणजे घरमालकीणबाई, एकट्या, मधे चौक आणि भोवती खोल्या असं घर, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांची आठवण यावी असं. तीन वेळचं जेवण, रविवार सोडून. फॉर्मवर शाकाहारी लिहिलं होतं तरी पहिल्या रात्री चिकन सूप आलं, कारण 'कार्ने' म्हटलं की तिथे लोक चिकन धरत नाहीत, तेव्हा नी कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो असं तिन्ही म्हणायचं. आणि काळ्या राजम्यासारखे जे फ्रिहोलेस रोज असतात ते कधीकधी डुकराच्या चरबीत परततात, सिन मान्तेका हे दोन शब्द विमानातच पाठ करा. एकदा सांगितल्यावर त्यांनी एकदाही चूक केली नाही, वेगळं तेल आणलं, वेगळी कढई काढली. बाथरूममध्ये गरम पाण्याचा गिझर नाही, शॉवरच्या तोंडालाच वीज जोडलेली असते, धार मोठी केली की पाणी गार. अभ्यंगस्नानासाठी आम्ही शेवटी पातेल्यात पाणी तापवलं.

बुधवारी संध्याकाळी साडेपाचला बडोद्यात गुरुवारची पहाट पाच वाजलेली, साडेअकरा तासांचा फरक, सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला, तिकडे पणती लावून झाली होती. त्यांनी विचारलं उटणं लावणार ना रे, आणि नवरा एकदम गप्प झाला. सासरे आदल्या वर्षी गेले. वर्ष होईपर्यंत घरात सण नव्हता, ही त्यानंतरची पहिलीच दिवाळी आणि आम्ही इतक्या लांब. मला त्या क्षणी वाटलं की चुकलं आपलं, घरी असायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून अंघोळी केल्या, कारीट नव्हतं म्हणून लेकाने डाव्या अंगठ्याने लिंबू फोडलं, आणि अंगणाच्या दारात फटाक्यांची एक माळ लावली. फटाके तिथे कुठेही मिळतात. माळ संपते न संपते तोच सेन्योरा शाल लपेटून बाहेर, आणि हसत विचारतात, किएन कुम्प्ले आन्योस? कुणाचा वाढदिवस? तिथे वाढदिवसाला पहाटे माळ लावायची पद्धतच आहे. लेक जागच्या जागी म्हणाला, नादिए, से मुरियो उन देमोनियो. कुणाचा नाही, एक राक्षस मेला. त्याचं पहिलं स्वतःचं स्वतः बनवलेलं वाक्य, भूतकाळासकट! मग नाश्त्याच्या टेबलावर मी नरकासुराची पूर्ण गोष्ट सांगितली, कृष्णाने मारलं तिथे मातो, सोळा हजार बायका कैदेत होत्या तिथे तेनिया, मारलं आणि मारत होता ह्यातला जो फरक शाळेत दोन दिवस डोक्यात शिरत नव्हता तो त्या टेबलावर शिरला, कारण मला ती गोष्ट सांगायचीच होती. शाळेत गेल्यावर माएस्त्राने सगळं पुन्हा वदवून घेतलं आणि छोट्या फळ्यावर लिहिलं: ला चकली, एल लाडू.

दुपारी बाजारात गेलो तर झेंडू! ढीगच्या ढीग, खंडेराव मार्केटला दसऱ्याला असतात तसे. मी वेड्यासारखी दोन मोठ्या जुड्या घेतल्या आणि घरी येऊन तोरण ओवायला बसले. सेन्योरा आल्या, फुलांकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, तुमचं कोण गेलं? तिथे ह्या फुलाला फ्लोर दे मुएर्तोच म्हणतात, मेलेल्यांचं फूल, १ नोव्हेंबरला थडग्यांवर वाहतात. झेंडू मुळात त्याच भागातला, मेक्सिको-मध्य अमेरिकेतला, आपल्याकडे नंतर आला आणि आपल्या दारावर शुभ होऊन बसला. मला हे काहीच माहीत नव्हतं. मी सुई खाली ठेवली आणि माझ्या आधी नवरा बोलला, मी पापा, माझे वडील. सेन्योरांनी त्यांचं नाव विचारलं, दोनदा म्हणून पाहिलं, मोबाइलवर फोटो पाहिला, आणि आमच्याच जुडीतली मूठभर फुलं घेऊन त्यांच्या देवघरासारख्या कोनाड्यात, त्यांच्या यजमानांच्या फोटोशेजारी ठेवली. मग म्हणाल्या, उरलेली दारावर लावा, दार तुमचंच आहे. हे सगळं स्पॅनिशमध्ये झालं आणि मला प्रत्येक शब्द कळला.

१ नोव्हेंबरला सकाळी त्यांच्या भाच्याच्या गाडीतून सुंपांगो नावाच्या गावाला गेलो. बडोद्याच्या माणसाला ह्या दिवसाबद्दल काय आणि किती सांगू! पतंग, पण दोन-तीन मजली घराएवढे, बांबूचा सांगाडा आणि त्यावर रंगीत पातळ कागदाचे हजारो तुकडे चिकटवून केलेली चित्रं, महिनोन्महिने गावातली मुलंमुली बसून करतात. सगळ्यात मोठे उडत नाहीत, उभे करून ठेवतात, वारा आला की कागद फडफडतो, त्या आवाजाने वाईट शक्ती लांब राहतात असं म्हणतात. लहान पतंग उडवतात, त्यातून गेलेल्यांपर्यंत निरोप पोचतो ही श्रद्धा. ह्या पतंगांना २०२४ मध्येच युनेस्कोच्या वारशाच्या यादीत जागा मिळाली, आपला गरबा त्यात २०२३ ला गेला.

आम्ही मैदानावरच एक छोटा बार्रिलेते, म्हणजे पतंग, घेतला, गोलसर, लांब चिंध्यांची शेपटी. नवऱ्याने सवयीने किन्ना, म्हणजे कन्नीची गाठ, बघितला, सोडला, आपल्या पद्धतीने पुन्हा बांधला. लेकाने पेनने कागदावर आजोबांचं नाव लिहिलं, देवनागरीत. उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, आमच्या गच्चीवर नवरा उडवायचा आणि फिरकी सासरे धरायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. इथे फिरकी नाही, काठीला गुंडाळलेली साधी दोरी, ती लेकाने धरली. तिकडे पेच लावत नाहीत, कुणी कुणाचा कापत नाही. पतंग चढला तशी नवऱ्याने ढील दिली, देतच राहिला, काठीवर दोरीचा शेवटचा वेढा राहिला तेव्हा लेक म्हणाला, बाबा बस, संपली. बराच वेळ दोघं तसेच उभे होते.

परत येऊन फियाम्ब्रे जेवलो, हे फक्त त्याच दिवसाचं, कितीतरी प्रकारच्या मुरवलेल्या भाज्या, अंडी, चीज आणि मांस एकत्र, पण त्यांच्यात बिनमांसाचंही करतात आणि सेन्योरांनी आमच्यासाठी ते वेगळं भांडं आदल्या दिवशीच करून ठेवलं होतं. संध्याकाळी लक्ष्मीपूजन. आकाशकंदील नवऱ्याने पतंगांच्याच कागदाचा केला होता, चौकात टांगला. माझी आजी सांगायची की आकाशदिवा पितरांना वाट दिसावी म्हणून असतो, ते मी सेन्योरांना सांगितलं तर त्यांना त्यात नवीन काहीच वाटलं नाही, क्लारो म्हणाल्या, अर्थातच.

फराळाला स्वयंपाकघर पूर्ण मोकळं दिलं. गूळ तिथे पानेला नावाने मिळतो, मक्याच्या सालात बांधलेले दोन दोन गोळे, चवीला आपल्या गुळाच्या अगदी जवळचा, त्याचीच नारळाची करंजी केली. वेलची तर विचारूच नका, ग्वातेमाला जगातल्या सगळ्यात मोठ्या वेलची उत्पादक देशांपैकी एक, पण माल बहुतेक सगळा बाहेर जातो, जास्त करून अरब देशांत, सेन्योरांनी स्वयंपाकात ती कधी वापरलेलीच नव्हती. शंकरपाळ्याचा वास घेऊन म्हणाल्या, आमच्या डोंगरातली वस्तू आणि इतकी वर्षं आमच्याच घरात नाही? आता त्या कॉफीत टाकतात, परवाच व्हॉइस मेसेज आला.

माझं मत विचाराल तर शाळेला पाचपैकी साडेतीन, घराला पाच. शिकवणं उत्तम आहे पण ऑफिसचा कारभार ढिला, मुलांच्या वर्गाबद्दल आधी खोदून विचारा. घर निवडताना वायफाय आणि गिझरच्या आधी एकच विचारा, स्वयंपाकघर वापरू देणार का, आणि सण येत असेल तर तो टाळू नका, वर्गातल्या वीस तासांत मी बोलले नसेन एवढं मी त्या चार दिवसांत बोलले. जाणं ऑक्टोबरच्या शेवटालाच ठेवा, सुंपांगोला सकाळी लवकर निघा, दहानंतर रस्ता भरतो. सोऱ्या चेक-इन बॅगेतच टाका. आणि भाजणी दोन किलो न्या, आमची पाडव्यालाच संपली आणि भाऊबीजेला सेन्योरांचा भाऊ आला तेव्हा डब्यात तीनच चकल्या होत्या.