झीलंडचे शिनाणे की लिंबुर्गचे झ्यूरव्लेस : पाहुण्यांना कोणत्या गावात जेवायला न्यावे?

नेदरलँड्समध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाकडे उन्हाळ्यात आई-वडील किंवा सासू-सासरे आले, की आम्स्टरडॅमचे कालवे आणि पवनचक्क्या पहिल्या आठवड्यातच पाहून होतात, आणि मग केव्हातरी ते सहज विचारतात, "इथली माणसे जेवतात तरी काय?" सुपरमार्केटमधला चीजचा कप्पा दाखवून या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. त्यासाठी पाहुण्यांना एखाद्या गावातल्या साध्या, खिशाला परवडणाऱ्या ठिकाणी न्यावे लागते, आणि आइंडहोवनच्या आसपास राहणाऱ्यांपुढे अशा वेळी प्रामुख्याने दोन दिशा असतात. पश्चिमेला झीलंड प्रांतातली शिनाण्यांची, म्हणजे शिंपल्यांची गावे आहेत, तर दक्षिणेला लिंबुर्ग प्रांताच्या डोंगराळ टोकावरची एतकॅफे, म्हणजे साधी जेवणघरे, आहेत, जिथे झ्यूरव्लेस म्हणजे आंबट-गोड रश्शातले मांस वाढले जाते. मोटारीने दोन्हीकडे सव्वा तासाच्या आसपास लागतो. गेल्या काही वर्षांत मी दोन्हीकडे पाहुणे घेऊन अनेकदा गेलो आहे आणि आता बहुतेक वेळा एकाच दिशेला गाडी वळवतो. ती दिशा का ठरली, एवढेच इथे सांगायचे आहे. पॅनकेकघरांचा विचार मी केलेला नाही, कारण धिरडे आपल्या घरी अधिक चांगले होते.

माझे पारडे सुरुवातीला कोणत्या बाजूला झुकले होते, हे आधी सांगणे बरे. माझे गाव वेंगुर्ले. सतराव्या शतकातल्या डच वखारीचे अवशेष तिथे अजून उभे आहेत आणि त्यांच्या आसपास क्रिकेट खेळत आमच्या पिढीचे बालपण गेले. रवा लावून तळलेले शिनाणे आणि ओल्या खोबऱ्याच्या वाटपातली तिसऱ्यांची, म्हणजे लहान शिंपल्यांची, एकशिपी यांवर वाढलेल्या माणसाने या देशात आल्यावर झीलंडकडे धाव घेणे स्वाभाविकच होते. लिंबुर्गमध्ये मी पहिल्यांदा गेलो तो केवळ टेकड्या पाहायला. जेवण हा त्या सहलीचा हेतू नव्हता.

झीलंडची बाजू खरोखरच भक्कम आहे. ऊस्टरस्खेल्डे खाडीच्या काठावरचे येर्सेके हे गाव देशातल्या शिंपल्यांच्या व्यापाराचे केंद्र असून वाडेन समुद्रात वाढलेला मालही लिलावासाठी इथेच येतो. विक्रीपूर्वी शिंपले खाडीच्या स्वच्छ पाण्यात काही काळ ठेवून त्यांच्या पोटातली वाळू निघू दिली जाते. आपल्याकडे मिठाच्या पाण्यात तिसऱ्या घालून ठेवतात त्याचाच हा मोठा अवतार. थोडी वाकडी वाट करून खाडीच्या मुखावरचा प्रचंड बांध पाहुण्यांना आधी दाखवता आला, तर पुढच्या जेवणाला वेगळाच अर्थ येतो. १९५३ च्या महापुरात या देशात १८३६ माणसे गेली आणि त्यानंतर ही खाडी कायमची बंद करण्याचे ठरले होते. परंतु मच्छीमार आणि निसर्गप्रेमी यांच्या विरोधामुळे सरकारने बेत बदलला आणि १९८६ मध्ये ६२ दरवाजांचा, सुमारे ९ किलोमीटर लांबीचा असा बांध पुरा झाला, की जो एरवी उघडा राहतो आणि फक्त वादळात मिटतो. खाडीतले पाणी खारे राहिले ते त्यामुळे, आणि पातेल्यात शिंपले येतात तेही त्यामुळेच. बेल्जियमच्या सीमेलगतचे फिलिपीने त्याहून गमतीचे. १९५२ मध्ये ब्राकमान ही उपखाडी बंद झाल्यावर त्या गावाचे बंदर गेले, समुद्र लांब राहिला, पण शिंपल्यांची उपाहारगृहे मात्र जागची हलली नाहीत.

खाण्याची पद्धतही पाहुण्यांना रमवणारी आहे. प्रत्येकापुढे झाकण असलेले काळे पातेले येते आणि त्यात किलोभर किंवा त्याहून थोडे अधिक शिंपले कांदा, लीक, सेलरी आणि गाजर यांच्याबरोबर पांढऱ्या वाइनमध्ये वाफवलेले असतात. पहिला शिंपला काट्याने खायचा, आणि मग त्याच रिकाम्या जोडशिंपल्याचा चिमटा करून पुढच्यांतले मांस उचलायचे, हे बाजूच्या टेबलाकडे पाहून माझी आई तिसऱ्या शिंपल्यापर्यंत शिकली होती. टरफले उलट्या झाकणात टाकत जायची. सोबत फ्रीत, म्हणजे बटाट्याचे तळलेले लांबट तुकडे, दोन-तीन प्रकारचे सॉस आणि थोडा पाव. वाइन वर्ज्य असणाऱ्यांनी मात्र मागणी देण्यापूर्वीच विचारावे, कारण ती या पदार्थात गृहीतच धरलेली असते.

इथवर सारे झीलंडच्या बाजूने आहे. माझे मन ज्या एका गोष्टीवरून फिरले, ती गोष्ट कदाचित इतरांना क्षुल्लक वाटेल. ती म्हणजे पातेल्याच्या तळाशी उरणारा रस्सा.

तीन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये आई-बाबांना घेऊन आम्ही खाडीकाठच्या एका गावात गेलो होतो. हंगामातल्या शनिवार-रविवारी अशा जागी टेबल बहुधा दोन तासांच्या पाळीने मिळते. आमची पाळी साडेपाच ते साडेसात अशी होती. बाबांनी शिंपले सावकाश संपवले, फ्रीतकडे फारसे लक्ष दिले नाही आणि पावाचा एक तुकडा जाणूनबुजून बाजूला ठेवला. पातेल्यात चार बोटे रस्सा उरला होता : किंचित दुधी, वर लीकच्या हिरव्या चकत्या तरंगणारा, शिंपल्यांच्या पोटातले सारे खारे पाणी ज्यात उतरले आहे असा. कोकणातल्या माणसाच्या लेखी जेवणाचा उत्तरार्ध तिथून सुरू होतो. इतक्यात वाढणारी मुलगी आली, टरफलांचा ढीग पाहून तिने हसून "लेकर?" म्हणजे छान होते ना, असे विचारले, आणि चारही पातेली एकावर एक रचून ती आत निघून गेली. बाबा पावाचा तुकडा हातात धरून तिच्या पाठीकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "ता चेडू रस्सो घेवन खंय गेला?"

तिची चूक मुळीच नव्हती. तिथल्या हिशेबाने ते शिंपले वाफवल्याचे पाणी होते आणि त्याचे काम संपले होते. आमच्याकडे भाताची पेजही कुणी मोरीत ओतत नाही, हे तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण पाच मिनिटांनी बिल आले आणि साडेसातच्या पाळीचे लोक दारात उभे असलेले दिसू लागले, तेव्हा पुन्हा काही मागण्याची सोयही उरली नाही. पुढच्या वर्षी मी शहाणपणाने सुरुवातीलाच चमचा मागून घेतला. तो त्यांनी आनंदाने दिला आणि रस्सा अपेक्षेइतकाच चांगला होता, हे मान्य केले पाहिजे. तरीही पाव दोन चकत्यांत संपला, दुसरा मागवला तो येईपर्यंत घड्याळात सव्वासात वाजले होते, आणि त्या पातळ रश्शात बुडवलेले फ्रीत फक्त मऊ पडते, त्यात चव म्हणून काही धरत नाही. ज्यांना शिंपल्यांचे मांस आणि समुद्राचा वारा एवढेच हवे आहे, त्यांना यातले काही जाणवणारही नाही.

लिंबुर्गमध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण झ्यूरव्लेसमध्ये रस्सा हाच पदार्थ आहे आणि मांस त्याच्या आधाराने राहते. मांसाचे तुकडे व्हिनेगर, कांदा, तमालपत्र आणि लवंग यांत रात्रभर किंवा अधिक वेळ मुरवतात, मग मंद आचेवर काही तास शिजवतात, आणि शेवटी त्यात सफरचंदाचा घट्ट काळा पाक आणि मसालेदार, राय या धान्याच्या पिठाचा केक कुस्करून घालतात. हा केक लोक इथे न्याहारीला लोणी लावून खातात. त्यात दालचिनी, लवंग, जायफळ असे सारे असते आणि रश्शाला दाटपणा त्यानेच येतो. व्हिनेगरचा आंबटपणा आणि पाकाची गोडी एकमेकांना तोलून धरतात. चिंच-गुळाच्या आमटीवर वाढलेल्या जिभेला ही चव परकी वाटत नाही. मसाल्याचा वास काहीसा अनोळखी, पण तोल ओळखीचा. माझ्या बाबांनी पहिल्या घासाला मान हलवली ती या तोलासाठी असावी.

आम्ही जातो ती जागा गुल्पेनच्या पुढे, ओढ्याकाठच्या एका छोट्या गावात आहे. घर लाकडी चौकटीत पांढरा गिलावा भरलेले, आत भिंतीवर गावातल्या कार्निव्हल या उत्सवासाठी आजवर निवडलेल्या 'राजपुत्रांच्या' तसबिरी, टेबले अशी की कोपर टेकवले तर एक पाय किंचित उचलला जातो. प्रत्येकापुढे झ्यूरव्लेसचे छोटे बिडाचे भांडे येते आणि टेबलाच्या मध्यभागी सर्वांसाठी मिळून फ्रीतचा वाडगा, मेयॉनीजचे सॅलड आणि सफरचंदाचा गार गर ठेवला जातो. मधल्या वाडग्यातून हवे तितके घ्यायचे, एकमेकांना वाढायचे, हे पाहूनच आई सैलावली. आपापले पातेले राखत बसण्यापेक्षा तिला हे जेवणासारखे वाटले. शेजारच्या टेबलावरच्या एका आजोबांनी शेवटी उरलेला सारा रस्सा भांडे वाकडे करून फ्रीतवर ओतला आणि काट्याने ते दाबून खाल्ले. बाबांनी ते पाहिले आणि मग आम्हा सर्वांनाच परवानगी मिळाल्यासारखे झाले. फ्रीतचा कुरकुरीत तुकडा या दाट रश्शात अर्धा बुडवला, की बुडालेली बाजू तपकिरी, जड आणि चकचकीत होते, तर वरची बाजू तशीच कडक राहते. त्या संध्याकाळी आम्ही पावणेतीन तास बसलो होतो आणि घड्याळाकडे कुणी बोट दाखवले नाही.

दोष इथेही आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. हा पदार्थ मुळात घोड्याच्या मांसाचा; आज बहुतेक ठिकाणी गोमांस वापरतात, पण काही जुन्या जागी घोडा अजून आहे, आणि अनेक मराठी घरांत यातले काहीच चालणार नाही. अशांसाठी त्या भागात बहुधा ट्राउट मासा मिळतो, तो लोण्यात भाजलेला आणि सुबक असतो, पण मग रश्शाचा सारा मुद्दाच निकालात निघतो. शाकाहारी पाहुण्यांना दोन्ही प्रांतांत बकरीच्या चीजच्या सॅलडवर भागवावे लागते. त्यांना घेऊन मी कुठेच जाणार नाही. माझ्या पत्नीला मांसात गोडवा पटत नाही आणि ती प्रामाणिकपणे झीलंडच्या बाजूची आहे. शिवाय लिंबुर्गच्या गावांत सोमवार-मंगळवारी दारे बंद आढळण्याचा संभव मोठा. मोटार नसेल तर मास्त्रिख्तहून वाल्स आणि आखेनकडे जाणारी ३५० क्रमांकाची बस गुल्पेनला थांबते, पण पुढच्या खेड्यांसाठी चालणे आलेच. येर्सेकेचीही तीच अवस्था आहे, कारण ज्या स्थानकाला त्याचे नाव जोडले आहे ते गावापासून चांगलेच लांब आहे.

पैशांच्या बाबतीत फरक आहे, पण निर्णायक नाही. माझ्या अलीकडच्या बिलांवरून सांगायचे तर झ्यूरव्लेसचे ताट वीस युरोंच्या आसपास आणि शिंपल्यांचे पातेले पंचवीस ते तीसच्या दरम्यान पडते. चौघांमागे जो फरक उरतो त्यात लिंबुर्गमध्ये सर्वांची कॉफी आणि चेरीची व्लाय, म्हणजे तिथला फळांनी भरलेला पसरट गोड पदार्थ, होऊन जातो. स्वयंपाकघर दोन्हीकडे साडेआठच्या सुमारास मिटते, तेव्हा नऊला जेवणाऱ्या पाहुण्यांना दुपारी हलकेच काही देऊन सहाला टेबलावर बसवणे हाच मार्ग.

पाहुणे केव्हा येणार, यावरही बरेच अवलंबून आहे. शिंपल्यांचा मुख्य हंगाम साधारण जुलैच्या मध्यावर सुरू होऊन वसंताच्या तोंडाशी संपतो, त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत येणाऱ्यांसाठी हा वाद आपोआप मिटतो. उलट लिंबुर्गमध्ये त्याच वेळी पांढरा शतावरी कोंब ताटात असतो आणि २४ जूनला त्याचा हंगाम रिवाजाप्रमाणे संपतो. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र दोन्ही दारे उघडी असतात. पाहुणे समुद्रकिनाऱ्याचे नसतील, घाटावरचे असतील आणि त्यांनी शिंपले कधी उघडून खाल्ले नसतील, तर तो अनुभव देण्यासाठी एकदा झीलंडला जावे असे मी अजूनही म्हणेन. ते कोकणातले असतील, त्यांना बसून बोलायला आवडत असेल आणि गोमांसाला हरकत नसेल, तर मी लिंबुर्गला फोन करून टेबल राखून ठेवीन आणि मांस कोणते ते त्याच फोनवर विचारून घेईन. तरीही झीलंडच ठरले, तर मागणी देतानाच मोठा चमचा आणि जादा पाव सांगून ठेवावा, आणि शिंपले संपल्यावरही पातेल्याच्या कानावरचा हात काढू नये.