‘स्पेस घोस्ट अँड डायनो बॉय’ : संपूर्ण मालिकेचा डीव्हीडी संच, काही महिन्यांच्या वापरानंतर

अमेरिकेत एके काळी शनिवारी सकाळी मुलांसाठी दाखवल्या जाणाऱ्या सुपरहिरो कार्टूनांपैकी ‘स्पेस घोस्ट’ ही माझी सर्वांत आवडती मालिका आहे. २००७ साली अमेरिकेत निघालेला तिचा संपूर्ण डीव्हीडी संच पावसाळ्याच्या सुरुवातीला माझ्या हाती आला आणि तेव्हापासून तो आमच्या घरी नियमित वापरात आहे. अभिप्राय लिहिण्यासाठी मी मुद्दाम थांबले. लहानपणी आवडलेली गोष्ट पुष्कळ वर्षांनी पुन्हा भेटली की सुरुवातीला आपण तिला पाहतच नाही, आपल्याच आठवणी पाहत असतो. तो भर ओसरल्यावर मूळ काम किती टिकते, हे मला जाणून घ्यायचे होते. आता खात्रीने सांगते की ते उत्तम टिकते आणि त्याचे श्रेय कथांपेक्षा रेषेला आणि आवाजाला अधिक आहे.

आधी व्यवहाराचे सांगते, कारण पैसे खर्च करण्यापूर्वी ते माहीत असायला हवे. संच अमेरिकेच्या बाजारासाठी काढलेला असल्यामुळे त्याचा रीजन कोड, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागातील प्लेयरवर चालेल हे ठरवणारा क्रमांक, १ आहे आणि भारत रीजन ५ मध्ये येतो. मी ज्या विक्रेत्याकडून तो मागवला, त्याने याचा कुठेही उल्लेख केला नव्हता. आपल्याकडच्या साध्या प्लेयरवर या डिस्क बहुधा चालत नाहीत. सर्व रीजनच्या डिस्क चालवणारा प्लेयर घेणे हाच सरळ मार्ग. संगणकाच्या ड्राइव्हमध्ये रीजन बदलता येतो, परंतु बहुतेक ड्राइव्हमध्ये तो पाच वेळाच बदलता येतो आणि शेवटी निवडलेला रीजन कायमचा राहतो, हे ध्यानात ठेवावे. चित्र एनटीएससी या अमेरिकी टीव्ही पद्धतीचे असले तरी हल्लीच्या टीव्हीवर त्याची अडचण येत नाही. पडद्याचे प्रमाण मात्र ४:३ असेच ठेवावे. रुंद पडदा भरून काढण्यासाठी चित्र ताणले, तर ज्या रेखाटनासाठी ही मालिका पाहायची त्याचीच मोडतोड होते. कडेला दोन काळे पट्टे दिसले तर दिसू द्यावेत.

संचात अर्ध्या तासाचे २० कार्यक्रम आहेत. पहिल्या १८ कार्यक्रमांत स्पेस घोस्टच्या दोन छोट्या कथा आणि मधे डायनो बॉयची एक, अशी मांडणी आहे. शेवटच्या दोन कार्यक्रमांत मिळून स्पेस घोस्टच्याच सहा कथा आहेत. घोस्ट प्लॅनेटवर राहणारा हा नायक मनगटावरील पट्ट्यांतून वेगवेगळे किरण सोडतो आणि कमरेच्या पट्ट्याच्या साहाय्याने अदृश्य होतो. जॅन आणि जेस ही दोन किशोरवयीन मुले आणि ब्लिप नावाचे माकड हे त्याचे साथीदार. प्रत्येक कथा सहा-सात मिनिटांची असल्यामुळे कोणाचाही पूर्वेतिहास सांगण्यास उसंत नाही. स्पेस घोस्ट कोण, कोठून आला, मुखवट्यामागे कोणता चेहरा आहे, हे या मालिकेत सांगितलेलेच नाही. आजच्या सुपरहिरोंच्या कथा पूर्वायुष्याच्या ओझ्याने वाकलेल्या असताना हे मौन मला फार मोलाचे वाटते.

हॅना-बार्बेरा या कार्टून बनवणाऱ्या अमेरिकी संस्थेसाठी या पात्रांची रेखाटने ॲलेक्स टोथ यांनी केली. ते मूळचे कॉमिक्सचे चित्रकार. पुढे ‘बर्डमॅन’, ‘हर्क्युलॉइड्स’ आणि १९७३ चे ‘सुपर फ्रेंड्स’ यांनाही त्यांच्याच हाताने रूप दिले. नको असलेली प्रत्येक रेषा काढून टाकायची, ही त्यांची शिस्त होती. स्पेस घोस्टकडे नीट पाहावे : पांढरा पोशाख, संपूर्ण डोके झाकणारा काळा मुखवटा, पिवळा झगा. केस नाहीत, कान नाहीत, कपड्यावर चुणी नाही. तरीही दूरवरच्या ठिपक्याएवढ्या आकारातही तो ओळखू येतो. झोरॅक हा नाकतोड्यासारखा हिरवा खलनायक, किंवा धातूच्या पोशाखात बंद असलेला मोल्टार, नुसत्या सावलीवरूनही वेगळे कळतात. अशा सोप्या आकारांचा व्यावहारिक फायदाही होता, कारण तीच आकृती अनेक चित्रकारांना भराभर आणि एकसारखी काढायची असे.

हा संच पाहताना मला स्वतःविषयी एक गोष्ट उलगडली. १९९५ नंतर केबलवरून कार्टून नेटवर्क महाराष्ट्रातल्या घरांत पोहोचले, तेव्हा दिवसभर कार्टून आणि रात्री त्याच वाहिनीवर टीएनटी या चित्रपटवाहिनीचे जुने इंग्रजी चित्रपट असा क्रम होता. हॅना-बार्बेराच्या साठच्या दशकातील मालिका आम्ही पाहिल्या त्या अशा, जवळजवळ तीस वर्षे उशिरा, शाळा सुटल्यावर दप्तर फेकून. शनिवार सकाळचा त्यांच्याशी काही संबंध आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हते. आमची शनिवारची शाळाच सकाळची असे. मी मराठी माध्यमात शिकत होते आणि पात्रे काय बोलतात त्यातले फारसे कळत नव्हते. तरीही कथा चुकल्याचे कधी वाटले नाही. आज प्रत्येक वाक्य समजते, आणि लक्षात येते की संवाद बहुतेक वेळा चित्राने आधीच सांगितलेले पुन्हा सांगतात. सांगलीच्या त्या घरात भाषेवाचून जे पोहोचत होते ते टोथ यांचे रेखाटन होते. त्यामुळे हा गतकाळाचा लळा परक्यांकडून उसना आणलेला आहे असे मला मुळीच वाटत नाही.

टीव्हीसाठीच्या कार्टूनांना पैसा आणि वेळ दोन्ही थोडे मिळत. चित्रपटाची फीत सेकंदाला २४ चित्रांच्या वेगाने फिरते. चित्रपटगृहासाठीच्या उत्तम ॲनिमेशनमध्ये दर एक-दोन चौकटींना नवे रेखाटन लागे. येथे ते शक्यच नव्हते. म्हणून आकृती स्थिर ठेवून फक्त ओठ हलवायचे, उडण्याचे तेच दृश्य पुन्हा वापरायचे, धावताना मागची तीच टेकडी फिरवत ठेवायची, अशी काटकसर केली गेली. महिनोन्‌महिने पाहिल्यावर ही पुनरावृत्ती पाठ होते. मला ती खटकली नाही. झगा पसरून डावीकडून उजवीकडे झेपावणारा स्पेस घोस्ट पुन्हा दिसला, की कीर्तनात पालुपद परत आल्याचे समाधान वाटते. मात्र पूर्ण ॲनिमेशनची सवय असलेल्या प्रेक्षकाला हे खटकू शकते, हे मी मान्य करते.

माझी नऊ वर्षांची मुलगी या मालिकेची माझ्याइतकीच चाहती झाली आहे आणि तिचे डोळे माझ्यापेक्षा तीक्ष्ण आहेत. एका गुहेच्या दृश्यात कोणीही काही करण्याआधीच ती म्हणाली, “आई, तो दगड आता पडणार.” आणि तो पडला. मी चित्र थांबवून तिला विचारले, तर तिने पडद्याजवळ जाऊन दाखवले : बाकीच्या दगडांवर रंगाच्या छटा होत्या, ब्रशचे फटकारे होते, त्या एकाच दगडाला सपाट रंग आणि काळी कडा होती. कारण सरळ आहे. पार्श्वभूमी कागदावर सावकाश रंगवलेली असते आणि जे हलणार ते पारदर्शक सेल्युलॉइडवर बाह्यरेषा काढून, सपाट रंग भरून त्यावर ठेवलेले असते. जुन्या कार्टूनांत पुढे काय घडणार याची चाहूल अशी रंगातूनच लागते. तेव्हापासून कोणते दार उघडणार, कोणती फांदी मोडणार, हे ओळखण्याचा खेळ आमच्याकडे प्रत्येक भागात चालतो. संगणकावर रंगवलेल्या आजच्या कार्टूनांत हा आनंद जवळजवळ नाहीसा झाला आहे.

तिची एक तक्रारही येथे नोंदवते, कारण ती रास्त आहे. जॅनजवळ अदृश्य होण्याचा पट्टा आहे, यान चालवण्याचे धाडस आहे, तरीही संकटात सापडून सुटकेची वाट पाहण्याचे काम वारंवार तिच्याच वाट्याला येते. १९६६ साली लिहिणाऱ्यांना यात वावगे वाटले नसावे. आज मुलीबरोबर पाहताना त्यावर बोलणे भाग पडते, आणि आम्ही बोलतो.

आवाजाविषयी लिहिताना गॅरी ओवेन्स यांचे नाव प्रथम घ्यायला हवे. ते लॉस एंजेलिसचे रेडिओ निवेदक होते आणि स्पेस घोस्टला त्यांनी दिलेला भरदार, ठाम स्वर ही या मालिकेची अर्धी ताकद आहे. चेहऱ्याचा वरचा भाग मुखवट्याखाली असल्यामुळे भाव दाखवण्याचे सारे काम आवाजावर येऊन पडते, आणि तो आवाज एकदाही डळमळत नाही. उड्डाण करताना तो स्वतःचेच नाव लांबवून पुकारतो, त्या पुकाऱ्यासाठी मी चांगले स्पीकर जोडण्याची शिफारस करीन. ब्रॅक या अंतराळातील चाच्याला कीय ल्यूक यांचा आवाज आहे आणि त्याची कुजकी धमकावणी आजही झकास वाटते.

‘डायनो बॉय’ विषयी थोडक्यात सांगितले तरी पुरे. विमान अपघातातून पॅराशूटने वाचलेला टॉड नावाचा मुलगा दक्षिण अमेरिकेतील एका हरवलेल्या दरीत उतरतो आणि अघ नावाचा आदिमानव व ब्रॉन्टी हा डायनोसॉर त्याचे मित्र बनतात. कल्पना बरी आहे, पण कथा एकसुरी आहेत आणि दरीतील टोळ्यांचे चित्रण क्रूर रानटी माणसे एवढ्यावरच थांबते. आम्ही आता तो भाग वगळतो.

या कार्टूनांचा काळ किती छोटा होता, हे समजल्यावर संचाचे मोल अधिक कळते. १२ जानेवारी १९६६ रोजी एबीसी या अमेरिकी वाहिनीवर ‘बॅटमॅन’ ही मालिका सुरू झाली आणि तिने अमेरिकेत धुमाकूळ घातला. सीबीएस या दुसऱ्या वाहिनीच्या दिवसाच्या कार्यक्रमांची सूत्रे तेव्हा फ्रेड सिल्व्हरमन यांच्याकडे होती. त्यांनी शनिवारची सकाळ सुपरहिरोंना देऊन टाकली. १० सप्टेंबर १९६६ या एकाच दिवशी सीबीएसवर ‘स्पेस घोस्ट’ आणि फिल्मेशन या कार्टून संस्थेची नवी ‘सुपरमॅन’ मालिका सुरू झाली. पुढच्याच सप्टेंबरात ‘बर्डमॅन’, ‘हर्क्युलॉइड्स’, ‘फँटॅस्टिक फोर’ आणि ‘स्पायडर-मॅन’ आले. परंतु पडद्यावरील हिंसेविषयी पालकांचा रोष वाढत होता. मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या १९६८ मधील हत्यांनी हादरलेल्या देशात तो आणखी तीव्र झाला आणि वाहिन्यांनी किरण सोडणारे नायक भराभर मागे घेतले. १३ सप्टेंबर १९६९ रोजी सीबीएसवर ‘स्कूबी-डू’ आले, ते या बदललेल्या हवेत. १९७३ मध्ये ‘सुपर फ्रेंड्स’च्या रूपाने सुपरहिरो परतले खरे, पण ठोसा न मारता. पहिल्या वर्षीचे त्यांचे विरोधक बहुधा वाट चुकलेले शास्त्रज्ञ असत, ज्यांना शेवटी समजावून सांगितले जाई. १९७८ च्या ‘चॅलेंज ऑफ द सुपर फ्रेंड्स’मध्ये लेक्स ल्यूथरच्या नेतृत्वाखाली १३ खलनायकांची लीजन ऑफ डूम आली, तेव्हा कुठे जुनी धार थोडी परतली.

आई म्हणून मी त्या पालकांचे म्हणणे उडवून लावू शकत नाही. ‘स्पेस घोस्ट’मधील काही खलनायक स्फोटात नष्ट होतात आणि नायक मागे वळूनही पाहत नाही. तरीही रक्तपात नाही, छळ नाही, क्रौर्याची चटक नाही. सहा-सात वर्षांपुढील मुलांना ही मालिका दाखवण्यास माझी हरकत नाही. शेजारी बसून दाखवावी, एवढेच.

वापराविषयीचा सर्वांत महत्त्वाचा सल्ला असा की हा संच सलग पाहू नये. आम्ही सुट्टीत एकामागून एक भाग लावून पाहिले, तेव्हा कथा एकमेकींत मिसळल्या, तेच उड्डाण आणि तेच सापळे कंटाळवाणे झाले. मग शनिवारी सकाळी एकच कार्यक्रम, पोहे खाता खाता, असा नियम केला आणि मालिकेत पुन्हा प्राण आला. ही कार्टूने आठवड्याच्या अंतराने पाहण्यासाठीच रचलेली होती. मधल्या दिवसांत मूल ती चित्रे स्वतः काढते, खेळते, पुढे काय झाले असते याचा विचार करते. माझ्या मुलीची वही झोरॅकने भरली आहे, आणि इतक्या कमी रेषांत तो काढता येतो याचे तिला अप्रूप आहे. खुद्द अमेरिकेत ही प्रथा उरलेली नाही. केबलवर दिवसभर कार्टून मिळू लागली, १९९६ च्या नियमांनी वाहिन्यांवर आठवड्याला तीन तास शैक्षणिक कार्यक्रमांचे बंधन आले, आणि २७ सप्टेंबर २०१४ रोजी सीडब्ल्यू या वाहिनीवरील शेवटचा शनिवार सकाळचा कार्टून कार्यक्रम बंद झाला.

शेवटच्या सहा कथा घाईने पाहू नयेत. त्यांत मेटॅलस, झोरॅक, ब्रॅक, मोल्टार, क्रीचर किंग आणि स्पायडर वुमन हे खलनायक एकत्र येऊन कौन्सिल ऑफ डूम स्थापन करतात, आणि स्पेस घोस्टची गाठ मायटॉर, मोबी डिक, शझान आणि हर्क्युलॉइड्स यांच्याशी पडते. १९६७ मध्ये सुरू होणाऱ्या नव्या मालिकांची ती जाहिरातही होती. तरीही एकाच कथेत इतकी जगे एकत्र गुंफण्याचे धाडस आणि दर कथेच्या अखेरीस लागून राहणारी हुरहुर मला संपूर्ण संचात श्रेष्ठ वाटते.

संचात टोथ यांच्या जीवनावरील माहितीपट आहे. त्यासाठीही मी हा संच घेतला असता. संच येण्याच्या आदल्याच वर्षी, मे २००६ मध्ये, टोथ यांचे निधन झाले. चित्रकला शिकणाऱ्या कोणालाही हा माहितीपट दाखवावा. चित्राचा दर्जा एकंदर चांगला आहे. मूळ फितीवरील धूळ आणि ओरखडे अधूनमधून दिसतात, पण रंग ताजे आहेत.

१९९४ नंतरच्या, स्पेस घोस्टला मुलाखतकार बनवणाऱ्या विनोदी कार्यक्रमामुळे त्याला ओळखणाऱ्यांनी ही मूळ मालिका अवश्य पाहावी. लहान मुले असलेल्या घरी, चित्रकारांकडे आणि कार्टून नेटवर्कची पहिली वर्षे पाहिलेल्यांकडे हा संच असावा. २००७ सालीच निघालेला ‘बर्डमॅन अँड द गॅलेक्सी ट्रायो’चा संच मी मागवला आहे, तो रीजन १ चाच असल्यामुळे प्लेयरचा प्रश्न आता उरलेला नाही.