नव्या जिनोमची जुळणी: नातलग प्रजातीचा आधार किती घ्यावा?

जिनोमची जुळणी म्हणजे यंत्राने वाचलेले डीएनएचे तुकडे (रीड्स) जोडून त्यातल्या अक्षरांचा पूर्ण क्रम उभा करणं. आधी हातात काय आहे ते पाहा. फक्त शॉर्ट रीड्स (लहान तुकडे) असतील आणि त्याच प्रजातीचा चांगला रेफरन्स (आधीच जुळवलेला जिनोम) उपलब्ध असेल, तर रीड्स त्यावर मॅप करून, म्हणजे जुळत्या जागी बसवून, फरक काढणं स्वस्तही आहे आणि पुरेसंही. कोरोना विषाणूचे सुमारे ३० हजार अक्षरांचे जिनोम जगभर असेच तयार झाले. मात्र जे रेफरन्समध्येच नाही, ते या पद्धतीत सहसा सापडत नाही. तुमच्या वाणात जादा आलेलं जनुक न मॅप झालेल्या रीड्समध्ये पडून राहतं.

रेफरन्स दुसऱ्या प्रजातीचा असेल तर धोका आणखी वाढतो. चिंपांझीचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. २००५ सालच्या मसुद्यात तुकडे गुणसूत्रांवर लावताना मानवी जिनोमचा आधार घेतला होता. दोघांच्या जुळणाऱ्या भागांत अक्षरांचा फरक जेमतेम सव्वा टक्का, त्यामुळे आधार भक्कम वाटणारच. पण मोठे उलटलेले भाग आणि जागा बदललेले तुकडे अशा मांडणीत माणसासारखे दिसू लागतात, आणि उत्क्रांतीच्या अभ्यासकाला नेमके तेच हवे असतात. म्हणून २०१८ साली चिंपांझी आणि ओरांगउटानचे जिनोम लाँग रीड्स (हजारो अक्षरांचे सलग तुकडे) वापरून, मानवी आधाराविना पुन्हा जुळवले गेले.

गुणसूत्रांची संख्याही आधी तपासा. भारतीय भेकराच्या मादीत ६ गुणसूत्रं, चिनी भेकरात ४६. एकाचा क्रम दुसऱ्यावर लादला तर जे तयार होईल, त्याला जिनोम म्हणता येणार नाही.

लाँग रीड्स मिळत असतील तर माझं मत स्पष्ट आहे: हायफायअ‍ॅझमसारख्या जुळणीच्या साधनाने कॉन्टिग (रीड्स जोडून बनणारे सलग तुकडे) स्वतंत्रपणे बांधा. त्यांचा क्रम आणि दिशा ठरवायला हाय-सी डेटा (पेशीत डीएनएचे कोणते भाग एकमेकांजवळ असतात याची नोंद) सर्वांत विश्वासार्ह, कारण तो पुरावा त्याच जिवातून येतो. तेवढा निधी नसेल तर रॅगटॅग (रेफरन्सवरून कॉन्टिग क्रमाने लावणारं साधन) वापरा, तेही फक्त क्रम लावण्यापुरतं. त्याचा ‘करेक्ट’ टप्पा रेफरन्सशी न जुळणाऱ्या जागी कॉन्टिग तोडतो. ती चूक आहे की खरा फरक, हे मूळ रीड्स दिल्याशिवाय त्याला कळत नाही.

रॅगटॅगनंतर एन-५० (ज्या लांबीचे किंवा त्याहून मोठे तुकडे मिळून निम्मी जुळणी होते, ती लांबी) एकदम वाढतो, त्यावर भुलू नका. कॉन्टिगांमध्ये ‘एन’ (माहीत नसलेल्या जागेची खूण) अक्षरं भरून ते जोडलेले असतात, नवा क्रम एक अक्षरभरही वाचलेला नसतो. बस्कोचा (अपेक्षित जनुकं किती सापडली हे तपासणारं साधन) आकडाही जवळपास तिथेच राहतो. तुलना करायची तर कॉन्टिगांच्या एन-५०ची करा.

अशी जुळणी प्रसिद्ध करताना मूळ कॉन्टिग आणि एजीपी फाइल (कोणता कॉन्टिग कुठे लावला याची यादी) सोबत द्या, आणि क्रम कोणत्या प्रजातीवरून घेतला ते ठळकपणे लिहा. त्यावरून उलटलेल्या भागांबद्दल निष्कर्ष काढणाऱ्याला ती ओळ दिसलीच पाहिजे.