पेन्सिल सेल पाझरू नयेत म्हणून: एनेलूप कुठे घालावेत, कुठे नाही

निकाल आधीच सांगून टाकू. घरातली रोजची टॉर्च, बीपीचं मशिन, मुलांची खेळणी यांत पॅनासॉनिकचे एनेलूप डबल ए रिचार्जेबल सेल घालावेत. भिंतीवरच्या घड्याळाला त्यांची गरज नाही. मालक मुंबईला किंवा आखातात, घर आठ-दहा महिने बंद, अशा घरात ठेवायच्या टॉर्चला मात्र एनेलूपही नकोत, तिथे लिथियम सेल हवेत. सेल पाझरणं हे नशिबावर सोडायचं काम नाही. कुठल्या उपकरणात कुठला सेल, एवढं ठरवलं की बहुतेक प्रश्न तिथेच मिटतो.

सेल का पाझरतो, ते आधी बघू. एकदाच वापरून टाकायच्या अल्कलाइन सेलमध्ये जस्ताची पूड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं दाट द्रावण असतं. सेल वापरा किंवा नुसता ठेवा, जस्त हळूहळू गंजतं आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. सेल पार उतरला की हे प्रमाण वाढतं, गोव्यातल्या एप्रिल-मेच्या उष्म्यात आणखी वाढतं. आतला दाब फार झाला तर अख्खा सेल फुटू नये म्हणून ऋण टोकाच्या नायलॉनच्या सीलमध्ये मुद्दाम एक पातळ जागा ठेवलेली असते. ती फाटते आणि द्रावण बाहेर येतं. म्हणून पांढरी भुकटी जवळजवळ नेहमी सपाट टोकाशी, म्हणजे स्प्रिंगच्या बाजूला दिसते. ही भुकटी म्हणजे पोटॅशियम कार्बोनेट, द्रावणाची हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी गाठ पडून झालेलं. आपल्याकडची खरी अडचण इथून पुढे सुरू होते. हे कार्बोनेट हवेतलं पाणी ओढतं. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत ते ओलं होतं, पसरतं, स्प्रिंगवरून सर्किटपर्यंत पोचतं. दमटपणामुळे सेल पाझरत नाही. पाझरलेल्या सेलचं नुकसान मात्र दमटपणामुळे लांबवर जातं.

जुने आणि नवे सेल एकत्र घालू नका असं पाकिटावर लिहिलेलं असतं, त्याचंही कारण आहे. तीन सेलच्या टॉर्चमध्ये एक सेल आधी संपला की उरलेले दोघे त्याच्यातून प्रवाह ढकलत राहतात. संपलेल्या सेलची दिशा उलटी होते, गॅस वेगाने सुटतो आणि सील फाटतं. पाझरलेल्या टॉर्चमधून बाहेर येणाऱ्या तीन सेलपैकी बहुधा एकच भिजलेला असतो, तो हाच.

एनेलूपमध्येही द्रावण तेच, पोटॅशियम हायड्रॉक्साइड. पण ते थोडं असतं आणि आतल्या पडद्यात जिरलेलं असतं. सुटलेला गॅस बऱ्याच अंशी आतल्या आत परत शोषला जातो आणि दाब वाढलाच तर व्हॉल्व्ह उघडून पुन्हा बंद होतो. त्यामुळे असा सेल पाझरणं विरळा. अशक्य मात्र नाही: तीन सेल पूर्ण मरेपर्यंत टॉर्च चालू ठेवली, किंवा चार्जरने हद्दीबाहेर चार्ज केलं, तर हेही ओले होतात.

एनेलूप सान्योने २००५ मध्ये बाजारात आणले. सान्यो कंपनी पुढे पॅनासॉनिककडे गेली, तसं नावही गेलं. त्याआधीच्या याच जातीच्या, म्हणजे निकेल मेटल हायड्राइड सेलचा मोठा दोष म्हणजे कपाटात ठेवले तरी ते काही आठवड्यांत उतरायचे, आणि टॉर्चसाठी असा सेल बिनकामाचा. एनेलूपने नेमकं हेच दुरुस्त केलं. साध्या डबल एची क्षमता २००० एमएएच (मिलिअँपिअर-तास) आहे, किमान १९००. २० अंश तापमानात दहा वर्षं ठेवूनही ७० टक्के चार्ज उरतो, असं कंपनी सांगते. आपल्याकडच्या तापमानाला तेवढं धरून चालू नका. तरी एकदा भरून ठेवलेली टॉर्च अख्खा पावसाळा हुकमी पेटेल, यात शंका नाही. २५०० एमएएचचा काळा एनेलूप प्रोही मिळतो. टॉर्चसाठी तो घेऊ नये: साधा सेल २१०० वेळांपर्यंत चार्ज होतो असं कंपनी सांगते, प्रो ५००, आणि प्रो ठेवल्या ठेवल्या लवकर उतरतो.

उजेडाचं काय? एनेलूपचे १.२ व्होल्ट म्हणजे अल्कलाइनच्या १.५ पेक्षा कमी, मग टॉर्च मंद होईल, ही शंका दुकानात हमखास विचारली जाते. अल्कलाइनचे १.५ व्होल्ट सुरुवातीचेच असतात. एक अँपिअर ओढणाऱ्या एलईडी टॉर्चमध्ये ते भराभर खाली येतात आणि पाकिटावरच्या किंवा माहितीपत्रकातल्या क्षमतेच्या निम्मीही हाती लागत नाही. एनेलूप शेवटपर्यंत १.२ च्या आसपास टिकून राहतो. तीन बारीक सेलच्या स्वस्त झूम टॉर्चमध्ये पहिली काही मिनिटं अल्कलाइन जास्त उजळ वाटेल, नंतर एनेलूप पुढे जातो. खटकणारी गोष्ट वेगळी आहे: एनेलूप संपतो तो अचानक. उजेड आधी मिणमिणता होऊन सूचना देत नाही. वीज गेलेल्या रात्री विहिरीकडे जायचं असेल तर खिशात दुसरी टॉर्च असू द्या. उजेड पहिल्यांदा पडल्यासारखा वाटला की लगेच बंद करून चार्जला लावा, त्यातून आणखी दहा मिनिटं काढायला जाऊ नका.

सेलपेक्षा चार्जर जास्त पारखून घ्यावा. चार खाचा आणि चार वेगळे दिवे असलेला घ्या, म्हणजे प्रत्येक सेल आपापला भरला की थांबतो. जोडीनेच चार्ज करणारा चार्जर दोन सेलची सरासरी काढतो. त्यात एक अर्धवट राहतो, दुसरा जादा तापतो. नुसत्या घड्याळावर ठरावीक तासांनी बंद होणारे चार्जर नकोतच. डबल एला अर्धा ते एक अँपिअर योग्य. सेल शेवटी कोमट लागला तर ठीक, हातात धरवत नसेल तर चार्जर बदला. सेल घेतानाच दोन-दोन किंवा तीन-तीनच्या जोड्या लावा, मार्करने अंगावर क अन् ख घाला आणि ती जोडी कधी फोडू नका.

घड्याळाला एनेलूप नको म्हटलं, कारण घड्याळ इतकं कमी ओढतं की एक सेल सहज वर्षभर जातो. तिथे चांगला अल्कलाइन घाला आणि चालू असला तरी दर वर्षी गणेश चतुर्थीच्या साफसफाईत बदला. काढलेला सेल रिमोटमध्ये लावायचा मोह आवरा. सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटबरोबर जे सेल येतात ते बहुतेक साधे झिंक-कार्बनचे असतात. त्यात जस्ताचं डबडंच इंधन असतं, वापरता वापरता ते आतून खाल्लं जातं आणि शेवटी भोक पडतं. ते सेल वर्षाच्या आत काढून टाका.

गॅस गीझरमधले दोन मोठे सेल सगळेच विसरतात. न्हाणीघरातली वाफ, खाली तोंड करून बसवलेला प्लास्टिकचा डबा, आणि सेल संपून ठिणगी बंद होईपर्यंत कोणी बघत नाही. डबल एला मोठ्या सेलचा आकार देणारे प्लास्टिकचे साचे मिळतात, त्यात एनेलूप घालून बघता येईल. २.४ व्होल्टवर ठिणगी रेंगाळली तर मोठे अल्कलाइनच ठेवा आणि मे महिन्यात पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या खरेदीबरोबर नवे आणा. बीपीच्या मशिनमध्ये रिचार्जेबल चालतात की नाही ते पुस्तिकेत बघून घ्या. एकट्या माणसाच्या घरी ते मशिन महिन्यातून एकदा वापरलं जात असेल तर सेल बाहेर काढून शेजारी ठेवणं सगळ्यात बरं.

चतुर्थीच्या मखराला लावतात त्या सेलवरच्या लाइटमाळांबद्दल थोडं कळकळीने सांगावंसं वाटतं. विसर्जन झालं की माळ गुंडाळून, सेलसकट खोक्यात, खोकं माळ्यावर. पुढच्या वर्षी उघडलं की डबीच्या तारा हिरव्या झालेल्या. बटण बंद असलं तरी संपलेला सेल पाझरायचा थांबत नाही. माळ उतरवतानाच सेल काढा. टॉर्चचं मागचं झाकण पाव आटा सैल ठेवण्याची युक्ती इलेक्ट्रॉनिक बटणाच्या टॉर्चला उपयोगी आहे, कारण बंद असतानाही बटण थोडा प्रवाह ओढतच असतं. पण त्याने फक्त उतरणं थांबतं, म्हातारा अल्कलाइन सेल पाझरायचा तो पाझरतोच.

लिथियम म्हणजे एनर्जायझर अल्टिमेट लिथियमसारखे, न चार्ज होणारे सेल. आत पाण्यातलं अल्कली द्रावणच नाही. वजन १५ ग्रॅमच्या आसपास, अल्कलाइनचं २३. वीस वर्षं ठेवता येतात असं कंपनी म्हणते. महाग आहेत, म्हणून बंद घर, गाडी आणि आणीबाणीची पिशवी एवढ्यापुरतेच. टॉर्चच्या पुस्तिकेत लिथियम चालतो ना, एवढं बघा. नवा सेल १.८ व्होल्टच्या जवळ असतो.

फ्रिजमध्ये सेल ठेवू नका. गोव्याच्या हवेत बाहेर काढताच त्यांच्यावर पाणी धरतं. झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलची पुडी, आणि डबा माळ्यावर किंवा पत्र्याखाली न ठेवता खालच्या कपाटात. समुद्राजवळ घर असेल तर टॉर्चच्या रबरी रिंगला आणि आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या.

आणि पाझरलेलंच असेल तर? हातमोजे आणि चष्मा घाला, हे द्रावण कातडी जाळतं. सुकी भुकटी जुन्या टूथब्रशने कागदावर झाडा, फुंकर मारू नका. मग कापसाच्या काडीवर पांढरं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन एकेक स्प्रिंग पुसा. फेस येईल, तो थांबेपर्यंत काडी बदलत राहा. माडाचं व्हिनेगर घरात असलं तरी इथे नको, त्याचा चिकटपणा मागे राहतो. त्यानंतर पाण्यात भिजवून पिळलेली काडी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि दिवसभर सुकवणं. तपकिरी चिकटा असेल तर तो झिंक-कार्बनचा, आम्लधर्मी. त्याला व्हिनेगर नको, खायच्या सोड्याची पेस्ट लावा. स्प्रिंग नुसती काळवंडली असेल तर झिरो पेपरने घासा, पण निकेलचा मुलामा गेला की ती पुढच्या पावसात गंजणार, म्हणून शक्य तर स्प्रिंगच बदला. स्प्रिंगला जोडलेली तार सोलून बघा: तांबं आतपर्यंत काळं असेल तर द्रावण तारेतून चढलेलं आहे, तेवढा तुकडा कापून नवा लावल्याशिवाय टॉर्च लुकलुकतच राहील. ॲल्युमिनियमच्या नळीत सेल फुगून अडकला असेल तर पुढचं आणि मागचं झाकण काढा, व्हिनेगर घालून तासभर ठेवा आणि लाकडावर आपटा. हातोडा आणि खिळा नको. तरी निघाला नाही तर नळी आतून खाल्ली गेली आहे, ती टॉर्च सोडून द्या.

पणजीत १८ जून रस्त्यावर घ्या की म्हापशाच्या बाजारात, अल्कलाइन घेताना अंगावर छापलेली मुदत बघा, आणि काचेच्या शोकेसमध्ये उन्हात टांगलेलं पाकीट नाकारून आतलं मागा. वापरलेले सेल पंचायतीच्या सुक्या कचऱ्यात मिसळू नका. बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम या छोट्या सेलनाही लागू आहेत, म्हणून ते वेगळ्या बरणीत साठवून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. लिथियमच्या दोन्ही टोकांना आधी चिकटपट्टी लावा.