झेड ड्राइव्हवर आठ महिने

आमचं सीए ऑफिस छोटं. पाच कॉम्प्युटर आणि ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘सरांनी बघितलेली फायनल’ अशा नावांच्या एक्सेल फायली. त्या पेनड्राइव्हवरून या टेबलावरून त्या टेबलावर फिरायच्या. आठ महिन्यांपूर्वी दोन डिस्कचा नॅस (नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारा फायलींचा डबा) घेतला आणि सगळीकडे झेड ड्राइव्ह म्हणून जोडला.

जोडणी सोपी. ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’, अक्षर निवडा, दोन बॅकस्लॅश, नॅसचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता), फोल्डरचं नाव, ‘रिकनेक्ट ॲट साइन-इन’वर टिक. चार कॉम्प्युटर अर्ध्या तासात झाले, पाचव्यानं दिवस खाल्ला. त्यावर विंडोज ११ प्रोची २४एच२ ही आवृत्ती होती आणि नॅसवरचं आमचं सामायिक फोल्डर बिनापासवर्डचं, गेस्टवर, म्हणजे कुणीही उघडावं असं. २४एच२ प्रो तसं जोडूच देत नाही. सेटिंग बदलून गेस्ट चालू करता येतं, पण केलं नाही. लोकांची बँक स्टेटमेंट अशी उघडी ठेवली होती, हीच खरी चूक. मग प्रत्येकाला वेगळा युजर दिला, तर जुन्या कॉम्प्युटरवर एरर १२१९: एकाच सर्व्हरला दोन नावांनी जोडता येत नाही. कमांड प्रॉम्प्टवर ‘नेट यूज’नं जुनी जोडणी काढली तेव्हा सुटलं.

सकाळी झेडवर लाल फुली दिसते. नेटवर्क यायच्या आधीच विंडोज चालू होतं, म्हणून. डबल क्लिक केलं की उघडतं. पण एकदा वीज जाऊन आली आणि पाचही जणांचा झेड गायब! राउटरनं नॅसला नवा आयपी दिला होता. आता तो राउटरमध्येच कायमचा राखून ठेवलाय.

वेग आधी रडतखडत, सेकंदाला जेमतेम ११ एमबी. दोष नॅसचा नव्हता. कॉम्प्युटर आणि नॅस जोडणारी पेटी, म्हणजे आमचा जुना स्विच, १०० एमबीपीएसचा (हे मेगाबिट; आठ मेगाबिटांचा एक एमबी). दहापट वेगाचा, गिगाबिटचा लावल्यावर दोन जीबीची झिप तीन मिनिटांऐवजी वीसेक सेकंदांत जायला लागली. बारीकसारीक हजार फायलींचं फोल्डर मात्र अजूनही रेंगाळतं.

जुलैत, रिटर्नच्या ऐन धांदलीत, आर्टिकलच्या (शिकाऊ सीएच्या) हातून एका क्लायंटचं अख्खं फोल्डर डिलीट झालं. रिसायकल बिन उघडलं तर रिकामं. नेटवर्क ड्राइव्हवरचं तिथे जातच नाही, आणि नॅसचं स्वतःचं बिन आम्ही चालूच केलं नव्हतं. दोन डिस्क असून काय, दुसरी म्हणजे पहिलीची हुबेहूब नक्कल; एकीवरून गेलं ते त्याच क्षणी दुसरीवरूनही गेलं. माझ्या लॅपटॉपवर आठवडाभर जुनी कॉपी निघाली म्हणून वाचलो. आता बिन चालू आहे आणि दर शनिवारी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप.

तरी परत पेनड्राइव्हवर जाणार नाही. ‘फायनल २’ संपली. एक्सेल फाइल कुणी उघडी ठेवून जेवायला गेलं की दुसऱ्याला ‘लॉक्ड फॉर एडिटिंग’ येतं, मग डब्याच्या खोलीकडे तोंड करून ओरडायचं, “कोण बसलंय रे जीएसटीच्या शीटमध्ये?”